अक्षरं बारीक झाली

डोळ्यांच्या दवाखान्यात आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या एका ड्रायव्हरच्या शेजारी एक नवरा-बायको होते. नवऱ्याची आई आत डॉक्टरांकडे होती. पुस्तकं वाचायचा एक खुला, फुकट प्रोग्राम ही दोघं इतरांच्या जोडीने सांभाळतात, एवढं ड्रायव्हरला ऐकून कळलं.

“नव्या आवृत्तीत अक्षरं बारीक झाली, अशा पाच तक्रारी आल्यात. बदल तुझा आहे,” बायको म्हणाली.

“आधीचं माप चुकीचं होतं. मी बरोबर केलं.”

“असेल. पण लोकांचं चाललेलं वाचन थांबलं. आधी बदल मागे घे, मग निवांत सुधार.”

“पाच जणांसाठी एवढा आटापिटा? चष्मा लावा म्हणावं त्यांना.”

“बिघडलं की आधी मागे घ्यायचं, हा नियम सगळ्यांनी मिळून केलाय. तू घेतोस मागे, की मी घेऊ?”

दार उघडून आई बाहेर आली.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“डोळे ठणठणीत आहेत म्हणे, नंबरही तोच. मग मला कॉम्प्युटरवर पुस्तक का वाचता येईना रे? मी तर धसकाच घेतला होता.”

“कधीपासून, आई?”

“रविवारी तू ते नवीन बसवून दिलंस ना, तेव्हापासून.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“म्हटलं, आपलेच डोळे गेले. तुझ्या कामात कशाला खोट काढू?”

मुलाने पिशवीतून लॅपटॉप काढला.

“घेतो मागे. तू सहावी तक्रार नोंदव.”

“तक्रार करणाऱ्याचं नाव लागतं.”

“आईचं लिही.”

“अगं ए, माझी कुठे काय तक्रार आहे!”