लाकडाचं जहाज

मी साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे अन् मी बंदरावर जहाजातला माल उतरवला, म्हंजे काय सांगू तुमाला, दुसऱ्याचा माल वाहणंच आमच्या कपाळी लिहिलेलं. आता गुडघे गेले म्हून घरी बसलो, पण जीव तिकडंच टांगलेला, काहून की पोरगं माझं, विनोद, त्याच बंदरावर लागलं.

लोकाला वाटतं, माल म्हंजे माल, उचल अन् ठेव. न्हाई हो. कोळसा वरून गार दिसतो अन् आतल्या आत तापून राहतो. खताच्या गोण्यांची थप्पी, एक गोणी चुकीची ओढली की सगळी अंगावर येती. लोखंडी पत्र्याची गुंडाळी तं विचारूच नका, खालची पाचर निसटली की माणूस चिरडलाच. हे सगळं मी भीत भीत शिकलो. लाकडाला तेवढा भ्यालो न्हाई, अन् तिथंच घात झाला.

आमच्या साखऱ्यात पेवं व्हती, जमिनीत खड्डा, त्यात ज्वारी भरून तोंड बंद करायचं. उघडलं की लगेच कोणी उतरत नसे. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा, इझला तं उतरायचं न्हाई, आतली हवा मेलेली असती. बारक्या लेकराला बी ठावं व्हतं हे.

त्या दिवशी ओंडक्यांचं जहाज लागलं. खाली जायची शिडी एका अरुंद, बंद खोलीतून. झाकण उघडलं अन् नाकाला वास आला, आंबूस, बराबर पेवाचाच. माझ्यासंगं आमच्याच भागातल्या गोरेगावचा देविदास व्हता, एका ताटात जेवायचो आमी. वाटलं, थांबा म्हणावं. पण मुकादम घाई करून राहिला व्हता, अन् मनात आलं, हे लाकूड हाय, ज्वारी थोडीच हाय, खेडवळ म्हून हसतील सगळे. गप बसलो. देविदास उतरला, दहा-बारा पायऱ्या, अन् हात सुटले त्याचे. मी शिडीवर पाय ठेवला तं मागून कोणीतरी कमरेला धरून वढलं. मी वाचलो, तो न्हाई.

विनोदला मी हे सांगितलं, पण येगळं सांगितलं. म्हणलो, मी लई वरडलो, कोणी ऐकलंच न्हाई. बापाला बी लाज असती.

आज सकाळपासून त्याचा फोन लागंना. लाकडाचंच जहाज लागणार, काल बोलला व्हता. लाकूड बी बंद जागेतली हवा खातं, म्हून आता हवा तपासायचं मशीन असतं म्हणे, पण घाईत कोण बघतं हो? बायको म्हणे जेवा, मी फोनच दाबत राहिलो. दुपारी आला फोन. म्हणे बाबा, मशीन बंद पडलं व्हतं, साहेब म्हणे तसंच उतरा, मी शिडीपाशी आडवा झालो, कोणालाच उतरू दिलं न्हाई, मला आजच्यापुरतं घरी हाकललं. तुमी वरडले व्हते ना, तसाच वरडलो मी बी.

चांगलं केलं राजा, एवढंच म्हणलो अन् फोन ठेवला.

तुमी लिहून घेऊन राहिले, घ्या. पण विनोदच्या हाती पडू देऊ नका. उद्या पुन्हा बोलावतील त्याला, पुन्हा कोणी तसंच उतर म्हणंल. देवा, माझ्या लेकराचा आवाज बसू देऊ नको. बाप वरडला व्हता, असंच वाटू द्या त्याला.