अण्णांच्या कोटाची आतली माया

“चोर आहेस तू! चोर! आमचा कोट बदललास!”

ओ पाटील, तुम्ही कशाला खिसे चाचपताय? तुम्हाला नाही म्हटलं कुणी! मिरजेला एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, सुलक्षणावहिनी ओरडतायत. कुणावर? कंकूवर. कंकू बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला जुन्या कपड्यांचं गाठोडं. जुनं द्या, भांडं घ्या!

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न एवढाच — अस्सल काय आणि नकली काय, हे ओळखायचं कशावरनं? नावावरनं? चिठ्ठीवरनं? शहाण्या माणसाच्या भिंगातनं? लगेच माना डोलवू नका! मी अजून काही सांगितलेलंच नाही. आणि तो मागचा मोबाईल... बंद करा आधी. नाहीतर मी बंद होतो! — झाला? हां.

तर झालं असं. पंधरा दिवसांमागं वहिनींनी माळा साफ केला. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, काळा कोट निघाला. डांबरगोळ्यांचा वास, अस्तर विरलेलं. वहिनींनी तो कंकूला दिला आणि झाकणाचं पातेलं घेतलं. व्यवहार संपला. वहिनी खूश, पातेल्यात दुसऱ्या दिवशी खीर!

मग वहिनींच्या नवऱ्याला, विद्याधरला, फोनवर कळलं, की मुंबईत जुन्या शिंप्यांच्या कामाचं प्रदर्शन भरतंय. आणि त्यात मिरजेच्या दत्तोबा पोऱ्यांचे कोट काचेच्या कपाटात ठेवणार! हे दत्तोबा म्हणजे संस्थानिकांचे शिंपी. आणि माणूस असा तऱ्हेवाईक, की कोटावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी कधी लावली नाही. आता विद्याधरला आठवलं — अण्णांचा कोट दत्तोबांनीच शिवलेला!

काल अडगळ होती. आज? आज “आमच्या घराण्याचा ठेवा!” — हसताय काय? तुमच्या माळ्यावर काय काय आहे ते आठवा.

कंकूला निरोप गेला. दुसरी असती तर म्हणाली असती, गेला तो कोट. ही गाठोडं सोडून कोट घेऊन दारात हजर! पातेलं परत मागितलं नाही. मनात एवढंच, की बावीस वर्षं या गल्लीत फिरतेय, घरच्या माणसांची चीज आहे, देऊन टाकू.

मुंबईहून तज्ज्ञ आले. प्रभुदेसाई साहेब. कोटाला हात लावायच्या आधी हातात पांढरे मोजे घातले. मोजे, मंडळी! आपण प्रसादाला हात लावताना तरी... जाऊ द्या, आज तो विषय नाही.

साहेबांनी डोळ्याला भिंग लावलं. “लेबल नाही. बरोबर. बटणं शिंगाची. बरोबर. काजं हातानं केलेली, रेशमात. वा!” विद्याधर फुगला. वहिनींनी तर प्रदर्शनाला नेसायची साडी मनात काढून ठेवली! आणि साहेबांनी खांदा चाचपला. उजवा. डावा. परत उजवा. टेप लावली. चेहरा पडला.

“डाव्या खांद्यातली गादी बोटभर जाड आहे. एक खांदा वर, एक खाली. दत्तोबा पोरे असली चूक करणार? ही नक्कल आहे.”

संपलं! खरा कोट मग गेला कुठं? सगळ्यांनी वळून कुणाकडं बघितलं? कंकूकडं! तिथनं ही बोंब उठली — चोर, चोर!

“वैनी, शप्पथ घेते, त्योच कोट हाय ह्यो!”

“गेटवर पाटी लावते मी! तुझा फोटो टाकते सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर!”

बघा आता. तुमच्यावर कुणी आळ घेतला तर तुम्ही दार लावून घरात बसाल. कंकूनं कुठं बसायचं? तिचं सगळं पोट दारोदारच्या हाकेवर. आज ही गल्ली चोर म्हणाली, की उद्या दहा गल्ल्या दारं लावणार. रडायला आलं तिला. पण रडली नाही. चिडली! मला आवडतात अशी माणसं.

“सायेब,” ती म्हणाली, “भिंग ठेवा बाजूला. आत माया बघा.”

“माया? कोण माया?”

अरे देवा! एवढा शिकलेला माणूस, आयुष्य कपड्यात गेलं, आणि त्याला माया माहीत नाही! ओ ताई, तुम्ही शिवणकाम करता, सांगा त्यांना. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, पुढं माणूस सुटला तर कोट उसवून सैल करता यावा म्हणून — त्याला माया म्हणतात! आम्ही कीर्तनकार इथं घसा कोरडा करून सांगतो माया सोडा, माया सोडा. आणि शिंपी म्हणतो, माया ठेवा! कुणाचं ऐकायचं? आज शिंप्याचं ऐका.

कंकूनं बाही उलटी केली, कुशीची शिवण उघडून धरली. “तीन बोटं माया हाय. समद्या शिवणींत. नक्कल करणारा भायरनं बघून करतो सायेब. आतली माया त्याला दिसतच न्हाई, तर तो ठेवील कशाला?”

साहेब म्हणाले, “ते ठीक. पण खांद्याचं काय?”

“मला काय इचारता? कोटाचा धनी गॅलरीत बसलाय की! त्याला घालून बघा!”

मंडळी, खरं सांगतो, भिंग आलं, टेप आली, मुंबईचा माणूस आला — पण ज्यानं तो कोट घातला, त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं! अण्णांचं वय शहाऐंशी. गॅलरीत खुर्ची. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर. बोलणं मात्र कुणाशी नाही.

कंकूनंच त्यांना उभं केलं. कोट चढवला. पोटावर ढगळ झाला, बाह्या लांब झाल्या. पण खांदे? एका रेषेत! आणि तेव्हा घरातल्यांना पहिल्यांदा दिसलं, की कोट नसताना अण्णांचा डावा खांदा खाली पडलेला असतो. रोज जेवायला समोर बसणारा माणूस! दिसलं नव्हतं!

“बाबा, हे कधीपासून?”

“तू जन्मायच्या आधीपासून,” अण्णा म्हणाले. “मोजणी खात्यात मी आधी शिपाई होतो. जमीन मोजायची लोखंडी साखळी या खांद्यावर. अकरा वर्षं. मग परीक्षा देऊन साहेब झालो. दत्तोबा म्हणाला, मोजणीदार, तुमचा खांदा माझ्यावर सोडा. तुम्ही ताठ चालायचं.”

वहिनी पुटपुटल्या, “शिपाई? आम्ही तर सगळ्यांना साहेबच सांगितलंय...”

प्रभुदेसाई साहेबांनी हातमोजे काढले. कंकूला म्हणाले, “बाई, चूक माझी. अस्सल आहे हा.” झालं, विद्याधर पुढं सरसावला. “बाबा, काढा आता. प्रदर्शनात द्यायचाय.”

“नाही काढत.”

“अहो बाबा, काचेच्या कपाटात ठेवणार आहेत!”

“मग मलाही ठेवा कपाटात! नाहीतरी गॅलरीत काय वेगळं करताय?”

आणि तसेच, कोटासकट, अण्णा गॅलरीत गेले. कठडा धरला. भांडण ऐकायला खाली अर्धी गल्ली जमलेलीच होती. जमीन मोजताना अर्धा मैल ऐकू जायचा तो आवाज काढला —

“कंकू चोर नाही! ऐकलंत? या घरात ती एकटीच, जिनं मला उभं केलं!”

कंकूनं पदरानं तोंड पुसलं आणि पाटी डोक्यावर घेतली. वहिनींनी माफी मागितली का? छे! “चहा घेणार का,” एवढंच विचारलं. तिनं घेतला. दोन कप घेतले!

वहिनींना हसलात ना मघाशी? भरपूर हसलात. आता मला सांगा, इथं यायला निघताना तुमच्या घरात कोण मागं राहिलं? “त्यांना बसवत नाही”, “त्यांना ऐकू येत नाही” — हे तुम्ही ठरवलंत, का त्यांना विचारलंत? खाली काय बघताय? माझ्याकडं बघा!

नाही, माझ्याकडं नको. माझा आजा घरी आहे. मृदंग वाजवायचा तो, बोटं गेली आता त्याची. सकाळी चपला घालून दारात उभा होता. मी म्हटलं, आज्या, उशीर होतोय — आणि गाडीला किक मारली. विचारलं नाही मी.

विणेकरी, भजन तुम्ही सांभाळा. आरती तुमची तुम्ही करा. मला जायचंय. आत्ता.