दहावी अ, तिसरा मजला

कुसुमबाई : सही इथे करा. खाली, उजवीकडे.

कौशल्या : नाही करत मॅडम. पोरीले शाळेतून काढायले आली नाही मी.

कुसुमबाई : काढतंय कोण? सतरा नंबरचा फॉर्म आहे हा. उत्कर्षानं घरी अभ्यास करायचा आणि मार्चमध्ये बाहेरून दहावीला बसायचं. धायरीच्या घराला जिना नाही ना तुमच्या?

कौशल्या : जिना नाही. शाळाबी नाही.

कुसुमबाई : अहो, जूनपासून चोवीस दिवस गैरहजर आहे ती. हजेरी भरली नाही तर बोर्ड बसू देत नाही. मी मुख्याध्यापिका झाले म्हणून बोर्ड काही माझ्या घरचं झालं नाही.

कौशल्या : ताप येते तिले. तीनदा आला. नववीपर्यंत एक खाडा नव्हता. पायाले कॅलिपरच्या पट्ट्या बांधून आपल्या पायानं वर्गात जायची, वर्ग खालीच होता. खालच्या खोलीत तुमचे कॉम्प्युटर आले अन् माझी पोरगी तिसऱ्या मजल्यावर गेली.

कुसुमबाई : वीस संगणक दिलेत कंपनीनं. वर पत्रा आहे, मशीन तापतात.

कौशल्या : अन् लेकरं नाही तापत?

कुसुमबाई : दहावी वरच असते आमच्याकडे. शांतता लागते.

कौशल्या : हे कात्रण पाहा. पंच्याण्णव सालचा कायदा हाय. अपंग लेकरायची सोय करा म्हणते.

कुसुमबाई : केली की! आमचे शिपाई दशरथ सकाळी तिला उचलून वर नेतात, संध्याकाळी खाली आणतात. त्यांच्या कामात बसत नाही ते, तरी करतात. आणखी काय म्हणतं तुमचं कात्रण?

(दशरथ चहा घेऊन आत येतो.)

दशरथ : चहा, बाई. कौशल्याताई, पोरीला रागावू नका ओ. आज सकाळी लई रडली.

कौशल्या : रागावू नाही तर काय करू? डॉक्टर म्हणते, पाणी पीत नाही म्हणून लघवीचा त्रास अन् ताप. रोज बाटली भरून देते, संध्याकाळी जशीच्या तशी परत! काल दोन धपाटे घातले.

कुसुमबाई : बरोबर आहे. पाणी प्यायचाही कंटाळा या मुलींना!

दशरथ : कंटाळा न्हाई बाई. पोरींचं बाथरूम खाली हाय.

कुसुमबाई : मग?

दशरथ : मग तिनं जायचं कसं? म्या म्हणलं, मधल्या सुट्टीत आणतो खाली. तर म्हणती, मामा, तुमची कंबर दुखती, दिवसातनं दोनदाच उचला. अन् पंधरा वर्षांची पोर बाई, असल्या कामाला मला वर्गासमोर हाक मारंल व्हय? पाणीच सोडलं तिनं.

कौशल्या : अगं माय! अन् मी मारलं तिले.

कुसुमबाई : दशरथ, हे जूनमध्ये का नाही सांगितलंत मला?

दशरथ : शप्पथ घातली व्हती तिनं. सांगितलं तर बाई घरी बसवतील, म्हणली.

कौशल्या : खरंच बोलली. हा काय, फॉर्म टेबलावरच हाय.

कुसुमबाई : कौशल्याबाई, चहा घ्या.

कौशल्या : चहा नको मॅडम. शाळा पाहिजे.

कुसुमबाई : द्या तो फॉर्म इकडे. आणि तापाच्या दिवसांचे डॉक्टरांचे दाखले आणा उद्या. बोर्डाला मी लिहिते. चूक कोणाची झाली, तेही लिहिते. दशरथ, मदतीला दुसऱ्या शिपायाला, सोनबाला बोलवा. संगणक वर न्या, दहावी अ खाली आणा.

दशरथ : शुक्रवारी कंपनीचे साहेब येणार हायेत की बघायला.

कुसुमबाई : येऊ देत. तीन जिने चढतील.

दशरथ : पर मशिनी वर तापत्यात म्हणला व्हता तुमी.

कुसुमबाई : पंखे लावू. मशीनला तहान तरी लागत नाही.

दशरथ : मग पोरीला आत्ताच आणू खाली?

कुसुमबाई : विचारताय काय? जा!

कौशल्या : दशरथभाऊ, तिची बाटलीबी आणा. भरलेलीच असन.