गुलाबी कोट आणि चौघांचा भूतकाळ

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलंत, आता आम्ही काय करणार?" ऐकताय ना? स्वतःच्या हातानं! अहो, माझ्याच हातानं लिहिलं, पण त्या दिवशी त्या हातानं किती जणांचं लिहिलं, ते कुणी विचारलं? चौघांचं! चार माणसं, चार भूतकाळ आणि हात एकच. माझा. का? तर माझं मराठी चांगलं!

तुम्हाला सांगतो, हे चांगलं मराठी काही मी हौसेनं नाही मिळवलेलं. वडील व्याकरण शिकवायचे. शाळेत शिकवायचे ते शिकवायचे, घरीही शिकवायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणायचो, "आई, भूक!" की बाहेरच्या खोलीतून आवाज, "क्रियापद कुठंय?" आई बिचारी ताट वाढून धरून उभी, आणि मी कर्ता शोधतोय! "मला भूक लागली आहे" हे वाक्य पूर्ण होईपर्यंत जेवण गार. असा उपाशीपोटी शिकलेला माणूस पुढं कुठं लागला? कपडे धुण्याच्या कारखान्यात. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, डॉक्टरांचे पांढरे कोट... सगळं आमच्याकडं. माझं काम निवडीच्या टेबलावर. आलेलं गाठोडं सोडायचं, पांढरं एकीकडं, रंगीत एकीकडं, खिशातलं पेन तिसरीकडं. उभ्यानं. बावीस वर्षं उभ्यानं! गुडघे असे झालेत की जिना चढलो तर शेजारी दार उघडून बघतात, काय मोडलं म्हणून.

तर मुकादम निवृत्त होणार होते, आणि ती जागा मला मिळणार होती. साहेबांनीच सांगितलं होतं, "मास्तर, पुढच्या महिन्यापासून तुम्ही." मास्तर मलाच म्हणतात, वडिलांचं व्याकरण मला चिकटलं म्हणून. आणि मुकादमाला काय असतं माहितेय? खुर्ची! पगार जरा बरा, ते सोडा हो, खुर्ची! बायकोनं त्या खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवली. निळी, कडेला दुहेरी शिलाई. मी ती नेऊन कारखान्यातल्या कपाटात ठेवली, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडून बघायचो. हसू नका. तुमचे गुडघे असे नाहीत म्हणून हसताय.

आता मुख्य भानगड. साहेबांच्या घरचे कपडे आमच्याकडंच धुतले जायचे. फुकट, हे सांगायला नकोच. त्या गाठोड्याला पिवळी गाठ. पिवळी गाठ दिसली की माझ्या टेबलावर ते सोडायचं नाही, दुसऱ्या दारानं थेट धुण्याच्या ड्रमकडं न्यायचं, दिवसाच्या शेवटी स्वतंत्र धुवायचं. साहेबांच्या घरचं कापड, आम्ही कोण निवडणारे? पण त्या मंगळवारी साहेबांचा फोन आला, "घरी पाहुणे येतायत, गाठोडं आलंय ना, लगेच उरका!" आमच्या गाडीवाल्यानं, त्याला आम्ही हवाई म्हणतो कारण गाडीची चाकं जमिनीला लागतात असं कुणी पाहिलेलं नाही, त्यानं ते ड्रमपाशी आपटलं आणि गेला उडत. ड्रमवर अक्का. एकच ड्रम रिकामा, त्यात डॉक्टरांचे कोट भरून तयार. अक्कानं गाठ सोडली आणि सगळं आत लोटलं. मी पाहिलं! आत जाताना एका पडद्याचा लाल कोपरा दिसला. लाल म्हणजे कसा, नुकत्याच फोडलेल्या कलिंगडासारखा. मी म्हटलं, "अक्का, ते..." अक्का वळली, "साहेबांचं आहे!" आणि माझं तोंड मिटलं. दार बंद, बटण चालू, पाणी आत.

पाऊण तासानं ड्रम उघडला. दोनशे कोट. गुलाबी. असे गुलाबी की अक्काला आधी वाटलं आपल्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. पण पुढचा कहर बघा! आमचे इस्त्रीवाले मामा, त्यांनी ते सगळेच्या सगळे कोट मान खाली घालून इस्त्री केले, घड्या घातल्या, बांधले. नंतर विचारलं, "मामा, रंग नाही का दिसला?" तर म्हणतात, "राजा, मी चुणी बघतो. रंग माझ्याकडं नाही." हवाईनं ते नेऊन पोचवलेसुद्धा! हॉस्पिटलातून मोठ्या डॉक्टरांचा फोन, "आम्ही डॉक्टर आहोत की आईस्क्रीम विकतो?" एक पेशंट म्हणे भूल उतरल्यावर डोळे उघडतो तर समोर गुलाबी डॉक्टर. हात जोडून त्यानं विचारलं, "मी वर पोचलो का?"

झालं. चौकशी. चौकशी कोण करणार? साहेब! पडदा कुणाचा? साहेबांचा! फोन कुणाचा? साहेबांचा! आणि साहेब टेबलामागं बसून म्हणतात, "चौघांनीही आपापला अनुभव लेखी द्या. आज पाचपर्यंत. पडद्याचा उल्लेख यावा, पण पडदा कुणाचा हा विषय नको. 'एक पडदा' असं लिहा. आणि चौघांची भाषा सारखी दिसली तर मी संगनमत समजेन!"

तीन वाजले होते. बाहेर आलो तर तिघं माझ्या टेबलाभोवती. अक्का म्हणाली, "भाऊ, तूच लिही बाबा. मला सही येते तेवढी बास." हवाई म्हणाला, "दादा, माझं पण. मी लिहिलं तर मीच अडकीन." मामांनी कागद पुढं सरकवला आणि चुणी पडली होती ती हातानं सारखी केली. का? तर माझं मराठी चांगलं!

आधी अक्का. म्हटलं, सांग काय झालं. तर बाई नुसती, "अगं बाई! अरे देवा! शी!" सगळी केवलप्रयोगी अव्ययं! चौकशीत अव्ययं चालत नाहीत हो! तिला मी रीती भूतकाळ दिला. "मी आलेले गाठोडे नेहमीच न उघडता धुण्यास लावत असे." लावत असे! म्हणजे त्या दिवशी लावलं की नाही, कुणी बोट ठेवून दाखवावं. ऐकून अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, "भाऊ, मी किती शिस्तीची आहे रे!"

हवाईला पूर्ण भूतकाळ. "ड्रम सुरू होण्यापूर्वीच मी गाठोडे जागेवर ठेवून पुढील फेरीस निघून गेलो होतो." कसं? सगळं घडायच्या आधीच माणूस मोकळा! वर त्याला दोन क्रियाविशेषणं फुकट दिली, 'वेळेवर' आणि 'काटेकोरपणे'. मामांना कर्ताच ठेवला नाही. "कोटांना इस्त्री करण्यात आली." कुणी केली? करण्यात आली! मामांनी तीनदा वाचलं आणि म्हणाले, "वा! यात मी कुठंच नाही."

आणि मग माझी पाळी. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी. भाषा सारखी दिसली तर संगनमत. सगळे चांगले चांगले भूतकाळ वाटून झालेले! बोटं आखडलेली, गुडघे बोंबलतायत, डोकं रिकामं. शाई तेवढी उरली होती. आणि तुम्हाला सांगतो, त्या रिकाम्या डोक्यात वडिलांचा आवाज आला, "वाक्य पूर्ण कर!" मी दोन ओळी लिहिल्या. "मी लाल कापड आत जाताना पाहिले. मी बोललो नाही." कर्ता आहे, क्रियापद आहे. वडिलांनी उठून पाठ थोपटली असती. सही केली आणि देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चारही कागद समोर. म्हणाले, "अक्का, नियमित बाई. मामा, त्यांचा संबंधच नाही. हवाई... काय भान आहे हो त्या माणसाला वेळेचं! काटेकोर! मास्तर, तुम्ही मात्र पाहिलंत? आणि बोलला नाहीत?" मी म्हटलं, "साहेब, अक्षर तरी बघा, चारही कागद..." साहेबांनी चष्मा काढला. "ते मला कळतं हो. पण लिहिलंय काय, ते महत्त्वाचं." मी म्हटलं, "पडदा तर तुमच्या..." पुढचा शब्द आलाच नाही. ड्रमपाशी आला नव्हता, तसाच. साहेबांनी कोरा कागद सरकवला. "तुम्हाला ताकीद द्यावी लागेल. मी सांगतो, तुम्ही लिहा. तुमचं मराठी चांगलं."

लिहिली! माझी ताकीद मी लिहिली! साहेब सांगत होते, "आपल्या चुकीबद्दल..." आणि मी, जित्याजागत्या मूर्खानं, पेन थांबवून विचारलं, "साहेब, नुसती चूक? उघडं वाटतं. विशेषण हवं." साहेब म्हणाले, "तुम्हीच सुचवा." मी सुचवलं. 'अक्षम्य'.

मुकादम कोण झाला? हवाई. काटेकोर ना! संध्याकाळी माझ्याकडं आला, मान खाली. "दादा, मला खरंच नको होतं. पण आता दोन शब्द बोलावे लागतील म्हणे... तेवढं लिहून देता?" मग जाता जाता, "आणि कपाटात एक निळी उशी पडून आहे. कुणाची आहे हो?" मी म्हटलं, "एक उशी आहे. घे." घरी बायकोनं विचारलं, "बसली का उशी खुर्चीत नीट?" म्हटलं, "अगदी मापात बसली."

साहेबांचा पडदा? फिका पडला थोडा. बाईसाहेबांना तोच रंग आवडला म्हणे.

आणि शनिवारी समारंभ. हवाई उभा राहिला, माझा कागद काढला आणि वाचला. सगळ्यांचे आभार, थोडा विनोद, शेवटी जरासा गहिवर, जागच्या जागी. काय टाळ्या पडल्या! अक्कानं डोळे पुसले. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा मास्तर, शिका जरा. काय मराठी आहे ह्या माणसाचं!"

मीही वाजवल्या टाळ्या. उभ्यानं.