अर्धी भरलेली टाकी

नाही नाही साहेब, नोटीस तिथं चिकटवू नका, दार सकाळीच रंगवलंय, बोटं निळी होतील. आत या. आणि ते काय लिहिलंय ते वाचून दाखवायचे कष्ट घेऊ नका, माझं पाठ झालंय — 'सदर तरंगती घरे वाऱ्यास तोंड देण्यास असमर्थ, सबब अकराही घरे पंधरा दिवसांत हटवावीत.' असमर्थ! ज्यानं हे लिहिलं त्यानं घरात पाऊल तरी टाकलं होतं का? नाही ना? तुम्ही निदान आलात, तेवढं पुण्य तुमच्या पदरात. बसा. अहो, खुर्चीला घट्ट धरायची गरज नाही, ती कुठं पळून जात नाही!

मी काही हौशी बाई नाही, साहेब. एकतीस वर्षं होड्यांच्या कारखान्यात नकाशे काढलेत. मालक म्हणायचा, बाईंची रेघ आणि साठलेलं पाणी, दोन्ही सरळ. निवृत्त होऊन घरी बसले, तर घरच जायला लागलं — एका वर्षी मागची भिंत, दुसऱ्या वर्षी मोरी, तिसऱ्या वर्षी भर दुपारी समुद्र स्वयंपाकघरात. तुमच्या ऑफिसानं खोल्या दिल्या, हो, दिल्या, कोण नाही म्हणतंय — नऊ किलोमीटर आत, तिसऱ्या मजल्यावर. माझा धाकटा भाऊ मासे धरणारा. त्यानं जाळं काय जिन्यात वाळवायचं? तो म्हणाला, "ताई, मी इथून हलणार नाही. पाणी वर येतंय ना? मग आपणही त्याच्याबरोबर वर येऊ. तू काढ काहीतरी." आणि मी काढलं.

आता हे घर बघा, डोळ्यांनी बघा. खाली सिमेंटची पेटी, आत फोम भरलेला — भोक पडलं तरी बुडायची नाही. वर बांबूच्या भिंती, हलकं छप्पर. चार कोपऱ्यांना चार खांब, खांबांना कड्या. भरतीला घर कड्यांसकट वर सरकतं, ओहोटीला खाली. छपरावरचं पाणी साठवून प्यायला, उन्हावर दिवे, आणि संडास कोरडा — खाडीत थेंब जात नाही. तुमच्या गावाची गटारं कुठं जातात, ते मी विचारत नाही, उगाच तुम्हाला लाज वाटायची. आणि वारा म्हणता? गेल्या वर्षीच्या वादळात तुमच्या ऑफिसचे पत्रे उडाले, होय की नाही? इथं अकरा घरांत मिळून एक कपबशी फुटली, तीही शेजारणीच्या नवऱ्याच्या हातून! तरी तुमचं आपलं एकच, पहिलं घर उलटलं, पहिलं घर उलटलं. उलटलं, मान्य! पण त्यात वाऱ्याचा काय संबंध? त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं —

...

काय? हो, वारा नव्हता असं म्हणाले खरी.

फाइल उघडू नका, त्यात काय आहे ते मला माहितीये. माझ्या भावजयीचा जबाब आहे. 'अचानक जोराचा वारा आला.' आत भांडं पडलं ते ऐकलंत? तीच आहे ती. ऐकतेय. ऐकू दे, आता तोंडातून गेलंय, गिळता थोडंच येणार आहे.

वारा नव्हता, साहेब. टाकी होती. भावजय म्हणाली होती, "वन्सं, जन्मभर हंडे वाहिले, आता तोटी फिरवली की पाणी यायला हवं." तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. मी पाचशे लिटरची टाकी छपरावर ठेवली. भार वर गेला की घर कलायला बघतं, हे कारखान्यातला झाडूवालाही सांगेल. मी गणित मांडलं, भरलेल्या टाकीचं. ते बसलं. पण टाकी अर्धी असली तर? अर्ध्या टाकीतलं पाणी आत मोकळं धावतं, घर जिकडे कलेल तिकडेच पळतं. मला सुचलं होतं ते! नकाशाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं होतं... आणि रबरानं पुसलं. का? माणसं बघायला यायची होती म्हणून. हुशारी मिरवायची होती म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आली ना माणसं. बावीस. टाकी त्या दिवशी अर्धीच होती. तेवढ्यात भावाची होडी येताना दिसली, सगळे एकाच कडेला धावले, त्याला हाका मारायला — आणि घर कललं. सावकाश कललं हो, म्हातारा कुशीवर वळतो तसं. बाकीचे पोहून वर आले. भावजय स्वयंपाकघरात, ओट्याखाली अडकली. भावानं बुडी मारून बाहेर काढली. खुब्याचं हाड गेलं. दवाखान्यात कारकून जबाब घ्यायला आला, मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर ही माझ्या आधी बोलली — वारा आला. आणि चादरीखाली माझा हात असा दाबून धरला, असा! मी गप्प बसले. एकतीस वर्षं सरळ रेघ काढणारी बाई, गप्प बसले.

चार महिन्यांनी काठी टेकत माझ्याकडे आली. मला वाटलं आता शिव्या देईल, मी तयारच होते. म्हणाली, "वन्सं, पुन्हा काढा घर. पाणी मला ओट्यावरच हवंय. टाकी तेवढी खाली घ्या." घेतली खाली, ह्या फरशीच्या पोटात. पायानं पंप दाबला की पाणी वर. आणि टाकी मुद्दाम अर्धी ठेवून तीच बावीस माणसं मी एका कडेला उभी केली — हो, तीच, बोलावून आणली. घर चार बोटं खाली गेलं. चार बोटं! मग बाकीची दहा बांधली.

तू कशाला बाहेर आलीस? आत जा गं. अगं, जा म्हणते ना! रडतेस काय? तू मला वाचवायला वारा आणलास, आणि तोच वारा आता अकरा घरांच्या मुळावर उठलाय. तुला कळतंय का?

साहेब, पेन काढा. लिहा: वारा नव्हता. दोष घराच्या जातीचा नव्हता, त्या एका नकाशाचा होता आणि नकाशा माझा होता. भावजयीनं खोटं सांगितलं ते माझ्यासाठी, तिला त्यात ओढायचं नाही. आणा इकडे, सही करते. चौकशी होईल? होऊ दे. पुन्हा नकाशा काढू देणार नाहीत? नका देऊ! दहा पोरींना शिकवून ठेवलंय, त्यांचे हात कोण धरणार? पण मग मला सांगा, तुमच्या नोटिशीत कारण एकच आहे ना — वारा? तोच गेला, तर खाली उरलं काय? फक्त शिक्का.

विचार कसला करताय? वरच्या साहेबांना विचारावं लागेल — विचारा की. पण आधी हे करा. बांधावर अकरा घरांची माणसं सकाळपासून उन्हात उभी आहेत, तुम्ही काय ठरवता ते ऐकायला. मी त्यांच्याशी ह्यातलं अवाक्षर बोललेले नाही. त्या कागदाची घडी करा, खिशात ठेवा, आणि उठा. जाता जाता तुमच्या तोंडानं त्यांना सांगा, चूक कोणाची होती. माझं नाव घेऊन सांगा. मोठ्यानं सांगा, पाठीमागच्या म्हातारीला कमी ऐकू येतं.

उठा म्हणते ना.