बिननावाच्या खुणा

धाकटा : ‘आधी नकाशा फोनात उतरवून घ्यायचा, मगच घराचं दार ओढायचं.’ दर वर्षी बुटाच्या नाड्या बांधताना बाबा हेच म्हणायचे. ऐकून ऐकून कान किटले होते माझे. आणि घेतला होता मी उतरवून! काल लॉजच्या पायरीवर बसून, पायथ्यापासून खिंडीपर्यंत सगळा पट्टा. नेटवर्क नाही तरी चालतोय, बघ. हा निळा ठिपका म्हणजे आपण. ही वाट. आणि हा पूल. नकाशात पूल आहे, समोर नाही. यात माझी काय चूक? बोल की! माझा गुडघा सुजून भोपळा झालाय आणि तू घड्याळ काय बघतेस?

ताई : दहा वाजले.

धाकटा : मग?

ताई : मग आता बोलते. डावीकडे जायचं होतं.

धाकटा : कुठे डावीकडे?

ताई : दोन वाटा फुटल्या तिथे. आठ वाजता. वरच्या दगडावर लाल ठिपका होता, बाबांनी रंगवलेला. डाव्या वाटेवर.

धाकटा : थांब. तुला आठ वाजता माहीत होतं?

ताई : खूण केली मी तुला. दोनदा.

धाकटा : तू आकाशाकडे बोट केलंस! मला वाटलं घार दाखवतेयस. मी ‘वा, छान’ म्हणालो!

ताई : दगड उंचावर होता. मग तुझी सॅक ओढली. तू म्हणालास, ‘ओढू नकोस, तोल जातो.’

धाकटा : अगं पण तोंड होतं ना तुला? ‘डावीकडे’. चार अक्षरं. तेवढी बोलली असतीस तर मी या ओढ्यात उतरलो नसतो, पाय मुरगळला नसता!

ताई : दहापर्यंत बोलत नाही मी. काल रात्रीच सांगितलं होतं.

धाकटा : नेम! दोन तास माझ्यामागून मुकाट चालत आलीस, चुकतोय हे माहीत असताना. देवाला काय सांगणार आहेस? भावाचा पाय गेला, पण माझा नेम राहिला?

ताई : पाय गेलेला नाही. आणि पट्टी सैल बांधलीयस. आण इकडे.

धाकटा : हात नको लावूस. आणि तो मऊ आवाज पण नको. डोक्यात जातो माझ्या. दुसरी पट्टी कुठंय, तुझ्या सॅकमध्ये? काय भरलंयस काय हिच्यात, लोखंड?

ताई : दोर आहे.

धाकटा : कसला दोर?

ताई : खिंडीतल्या घंटेचा.

धाकटा : तू मला म्हणालीस, बाबा चालायचे ती वाट एकदा बघून येऊ. दोराचं बोलली नाहीस.

ताई : बोलले असते तर आला असतास?

धाकटा : नसतो आलो!

ताई : म्हणून नाही बोलले. एका वर्षी बाबा धुक्यात तीन तास चाचपडत होते. खिंडीत झोपडी चालवणारी मावशी घंटा वाजवत राहिली, त्या आवाजावर ते पोचले. तेव्हा तिला शब्द दिला, दोर मी आणीन. वारा आणि बर्फ, दोर वर्षभरात कुजतो. दर वर्षी ते नवा बांधायचे. गेल्या वर्षी बांधला नाही.

धाकटा : का नाही बांधला, तेही बोल. दहा वाजून गेलेत आता.

ताई : तू त्यांच्या फोनला कुलूप घातलंस म्हणून.

धाकटा : झालं एकदाचं! घातलं. डॉक्टर म्हणाले होते, जिना चढू नका. हे खिंड चढायला निघालेले! बूट लपवले असते तर नवे आणले असते त्यांनी. पण नकाशा हातात नसताना उंबरा ओलांडायचे नाहीत. म्हणून पासवर्ड बदलला. माझ्यामुळे सात महिने जास्त जगले.

ताई : जगले नाहीत. खुर्चीत बसले होते.

धाकटा : आणि तू काय केलंस गं? शेवटच्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरातून तुझा आवाज मला अंगणात ऐकू आला. ‘बसा आता एका जागी, जीव नकोसा केलाय तुम्ही!’ हे कोण म्हणालं?

ताई : मी.

धाकटा : हो ना? मग मला एकट्याला कशाला उभं करतेस?

ताई : दहाच्या आत गेले ते. मी तसं ओरडल्यावर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. म्हणून मीही बोलत नाही, दहापर्यंत. तुला वाटलं पुण्य साठवतेय?

(वळणावरून एक माणूस दोन खेचरं घेऊन येतो.)

खेचरवाला : अहो पाहुणे, भांडण खाली वळणापर्यंत ऐकू येतंय. खेचरं बुजली माझी. फोनवाले का तुम्ही?

धाकटा : म्हणजे?

खेचरवाला : फोन बघत पुलापाशी येतात आणि मग ओढ्याकडे बघत बसतात, ते. या आठवड्यातले तिसरे तुम्ही. पूल बर्फ वितळला तेव्हाच वाहून गेला. तुमच्या फोनला कुणी कळवलं नाही वाटतं. मी उरलेल्या फळ्या न्यायला आलोय.

ताई : दादा, खिंडीत जायचंय. आज पोचायला हवं.

खेचरवाला : आजच पोचायला हवं, बाई. उद्या दुपारी मावशी झोपडीला कुलूप लावून खाली येते. मग बर्फ जाईपर्यंत वर कुणी नाही. पण काय घेऊन चाललात एवढं?

ताई : घंटेचा दोर.

खेचरवाला : तुम्ही दोरवाल्या काकांच्या कोण?

ताई : मुलगी. हा मुलगा.

खेचरवाला : अस्सं. गेल्या वर्षी आले नाहीत काका. मावशी वाट बघून थकली. हिवाळ्यात वर कुणी नसलं तरी वाऱ्यावर दोर हलतो, घंटा वाजत राहते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढाच आधार. गेल्या हिवाळ्यात दोर नव्हता. एक जोडपं धुक्यात अडकलं, झोपडीपासून हाकेच्या अंतरावर. जीव वाचले. बाईच्या पायाची बोटं गेली.

ताई : ऐकलंस?

धाकटा : माझ्याकडे बघू नकोस. मी बर्फ पाडला नाही.

ताई : दादा, इथून वर जाता येईल?

खेचरवाला : मागे जाऊन डावी वाट धरलीत तर पोचेस्तोवर अंधार, आणि अंधारात तो कडा नको. डाव्या वाटेवर काकांनी ठिपके रंगवले ते इतरांसाठी; स्वतः इथूनच डोंगराच्या धारेवर चढायचे, दोन-अडीच तासांत वर. पण ती वाट म्हणावी तर वाट नाही. घसारा आहे सगळा, पायाखाली सुटे दगड. कुठल्या दगडाशी वळायचं ते त्यांनाच ठाऊक. आम्ही खेचरवाले त्या बाजूला फिरकत नाही.

ताई : बाबांनी फोनात खुणा करून ठेवल्या होत्या. वळणावळणाला. धाकट्या, त्या तू तुझ्या फोनात घेतल्यास ना?

धाकटा : कुठल्या खुणा?

ताई : धाकट्या.

धाकटा : एकशे चाळीस पिना होत्या! एकीलाही नाव नाही. कुठलं पाणी, कुठला खड्डा, काय समजायचं माणसानं? मी पायथा आणि खिंड तेवढी घेतली. मधली वाट फोनने काढली.

ताई : त्यांना नाव लिहिता येत नव्हतं त्या फोनवर. बोटं जाड होती.

धाकटा : मला कचरा वाटला तो.

खेचरवाला : मग आता फोनवाल्यांना उतरणीची वाट. दादांना खेचरावर घेतो मी. पैसे नकोत, काकांच्या नावाने.

ताई : बाबांचा फोन माझ्या सॅकमध्ये आहे.

धाकटा : काय?

ताई : चार्ज केलेला. रोज संध्याकाळी करते.

धाकटा : उघडता न येणारा फोन? रोज?

ताई : उघडायला नाही करत. पासवर्ड सांग.

धाकटा : ठेव तो फोन आत.

ताई : बाईची बोटं गेली, ऐकलंस ना? सांग.

धाकटा : नाही सांगत.

खेचरवाला : आता दादांचा नेम सुरू झाला वाटतं.

धाकटा : तुम्ही मध्ये बोलू नका हो!

ताई : मग मीच बोलते. वडिलांवर कुलूप लावताना हात थरथरला नाही, आणि बहिणीला चार आकडे सांगताना जीभ जड होते?

धाकटा : माझी जन्मतारीख आहे! झालं समाधान? दिवस आणि महिना. बाबा बाकी सगळं टाकून बघतील, आईची टाकतील, तुझी टाकतील, या दळभद्री घंटेला पहिल्यांदा हात लावला तो दिवस टाकतील. माझी टाकणार नाहीत. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला हा माणूस खिंडीत! मी लहानपणी दाराशी बसून असायचो, दिवेलागणीपर्यंत. दुसऱ्याच्या बायकोमुलांनी वाट चुकू नये म्हणून दोर बांधायला गेलेला बाप. मला त्या दोराचा इतका राग आहे ना, ताई, तुझ्या सॅकमधून काढून त्या ओढ्यात फेकीन मी.

ताई : आज आहे तुझा वाढदिवस.

धाकटा : ठाऊक आहे मला. तुला आठवण होती?

ताई : पहाटे बोलता येत नव्हतं. तुझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात चिठ्ठी ठेवलीय. तू कप्पा उघडला नाहीस. धर हा फोन. माझे हात गारठलेत, तू टाक आकडे.

धाकटा : … उघडला. चालतोय नकाशा. थांब, मोठा करतो. अरे बापरे. या धारेवर बघ. पावलापावलाला एक. इथून सुरुवात होते, त्या फुटक्या दगडापासून. इथे उजवीकडे वळलेत. इथे तीन पिना एकाजवळ एक, म्हणजे जपून.

खेचरवाला : तिथे मोठा घसारा आहे. बरोबर दाखवतोय तुमचा फोन.

ताई : ही एक अशी लांब कुठे?

धाकटा : कुठली?

ताई : खाली, पार कडेला.

धाकटा : चुकून पडली असेल. थांब, नकाशा सरकवतो… ताई, ही आपल्या घरावर आहे.

ताई : तारीख दिसते का?

धाकटा : गेल्या वर्षीची. आजचीच तारीख.

ताई : कुलूप कधी घातलंस?

धाकटा : त्याच्या आधी दोन आठवडे.

ताई : म्हणजे उघडला होता त्यांनी.

धाकटा : शक्य नाही.

ताई : त्या दिवशी त्यांनी खुर्ची दाराशी ओढून घेतली होती. मी म्हटलं, वारा लागेल. ऐकेनात. दिवेलागणीपर्यंत बसले होते. फोन मांडीवर. मला वाटलं, बंद फोन धरून बसलेत बिचारे.

धाकटा : मी उशिरा आलो त्या दिवशी.

ताई : हो.

धाकटा : मुद्दाम आलो. त्यांना कळावं म्हणून.

ताई : ठाऊक होतं त्यांना.

धाकटा : मला म्हणाले का नाहीत मग? एक शब्द? नकाशा हातात होता, निघून का गेले नाहीत?

ताई : मला विचारू नकोस ते. मी आत भांडी आपटत होते.

खेचरवाला : बाई, ऊन आहे तोवर निघायचं तर निघा. तीननंतर त्या धारेवर ढग उतरतो.

धाकटा : तू एकटी जाणार?

ताई : तुझ्या गुडघ्याला चालायला सांगू का?

धाकटा : टोमणे मार तू. ऐक आता नीट. फ्लाइट मोडवरच ठेव, नाहीतर नेटवर्क शोधत बॅटरी खाईल. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून, गार झाला की बंद पडतो. उभी राहून बाणाकडे बघू नकोस, उभ्या माणसाला तो काहीही दाखवतो. दहा पावलं चाल, मग बघ. ठिपका पिनेवर आला की पुढची पिन. आणि डोळे दगडांवर, फोनवर नाही. मी फोनवरच ठेवले होते. पॉवर बँक घे माझी.

ताई : तुला?

धाकटा : मला खेचर आहे. आणि उद्या सकाळी उतरताना चुकलीस तर? दहाच्या आत चुकलीस तर हाकसुद्धा मारणार नाहीस तू.

ताई : मारीन.

धाकटा : नेम मोडून?

ताई : मारीन म्हटलं ना. तूही चिठ्ठी वाच.

धाकटा : मी अजून रागावलोय तुझ्यावर.

ताई : मीही. सॅक वर उचल जरा. हं. बसली पाठीवर.

धाकटा : ताई, दोर बांधलास की तिथे एक पिन टाक.

ताई : त्यांची असेलच की तिथे.

धाकटा : असू दे. तू टाक.

ताई : नाव काय लिहू?

धाकटा : नाव नको लिहूस.

ताई : बरं. येते मी.

खेचरवाला : दादा, धरा माझा हात. बसा खेचरावर, खाली उतरायलाही वेळ लागतो.

धाकटा : थांबा थोडं. ती त्या फुटक्या दगडाशी वळू दे.