चौथा अर्थ

काका : अगं, साधा प्रश्न विचारतोय. 'अरीय' शब्दाचा हा चौथा अर्थ आला कुठून?

पुतणी : कोश तुमचा. तुम्हीच आणला असेल.

काका : टाइप तू केलायस!

पुतणी : केला. बाबांच्या हस्तलिखितावरून.

काका : हळू बोल. काकू आत आहे.

पुतणी : तिला काय नवीन आहे? बाबा जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा आमच्याकडचं बाबांच्या कागदांचं कपाट उचलायला तीही आली होती.

काकू : (आतून) ऐकू येतंय हो! काम दिलं, तर खाल्ल्या घरचे वासे मोजतेय!

काका : तू थांब गं. हे बघ, उद्या कोशावर चर्चा आहे. भाषेच्या एक प्राध्यापक बाई विचारणार आहेत, 'एक काडी मोडलेली छत्री' हा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला?

पुतणी : प्रकाशनाच्या दिवशी तर झकास बोललात त्यावर. छत्री दुरुस्त करणाऱ्यांची बोली काय, लोकभाषेचं वैभव काय! टाळ्याही घेतल्यात.

काका : कुणी सांगितला?

पुतणी : कुणीच नाही. मी रचला. बाबांनी तीनच अर्थ लिहिले होते. मध्यापासून चहूबाजूंना फाकलेलं, तारामाशासारखं मध्याभोवती सारखे अवयव असलेलं आणि त्रिज्येच्या दिशेनं जाणारं. छत्री माझी.

काका : अगं पण का?

पुतणी : म्हटलं, बघू तरी काका वाचतात का. प्रस्तावनेत लिहिलंय ना, 'प्रत्येक शब्द मी स्वतः पारखून घेतला'? बरं, उत्पत्ती सांगा. पुस्तक न उघडता.

काका : त्यात काय एवढं! अरीय म्हणजे... सूर्याच्या किरणांवरून.

पुतणी : चाकावरून, काका. 'अर' म्हणजे चाकाचा आरा. बाबांनी सायकल उलटी करून, चाक फिरवून दाखवलं होतं मला. तशाच काळ्या हातांनी जेवायला बसले आणि आईची बोलणी खाल्ली. तुमच्या कोशातही चाकच छापलंय.

काका : पोरी, तू दादाचं जन्मभराचं काम नासवलंस!

पुतणी : दादाचं? आत्ता आठवला दादा? अर्पणपत्रिकेत तर 'शब्दांची आवड असलेले माझे बंधू' एवढंच आहे.

काका : पुढच्या आवृत्तीत नाव घालतो त्याचं. माझ्या आधी. मग तर झालं?

पुतणी : आई हेच मागत होती. या दारात उभी राहून. 'वहिनी, चार कागद खरडले म्हणजे कोश होत नाही,' म्हणालात. बसही म्हणाला नाहीत तिला. तेव्हापासून जळतेय मी. आता नाव नकोय. उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. 'छत्री मीच मनानं रचली' म्हणा, नाहीतर 'दादाचा कोश न वाचता उचलला' म्हणा. काय ते एक निवडा. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

काकू : अगं, चुलता आहे तुझा. बापाच्या जागी.

पुतणी : तिथेच तर बसलेत ते, काकू.

काका : बरं, चुकलो. पण एवढं सांग, ही एकच छत्री ना? की आणखी कुठे काही घातलंयस?

पुतणी : वाचा ना, काका. तुमचाच कोश आहे.